हातचा एक

शनिवार सकाळ. पोहे हाणून झाले होते, दुसरा चहा समोर होता आणि आज लॅपटॉप उघडायचा नाही असं स्वतःला बजावून मी बाल्कनीत बसलो होतो. तेवढ्यात बायकोने लेकीची गणिताची वही माझ्या मांडीवर आणून टाकली. "सोमवारी सही करून द्यायचीय. आणि आधी बघ, मग सही कर. मागच्या वेळी न बघताच केली होतीस."

आमची लेक तिसरीत आहे. मराठी शाळेत. (हो, मुद्दाम. त्यावर बोलायचं झालं तर वेगळा शनिवार लागेल.) वहीत बेरजेची दहा गणितं होती. पाच बरोबर, पाच चूक. खाली बाईंचा लाल शेरा: "येतं, पण निष्काळजीपणा फार. घरी लक्ष द्यावे."

मग मी काय केलं? समस्त बाप करतात तेच. हाक मारली आणि वही तिच्यापुढे नाचवली. "अगं, हे ४५ आणि २६ बरोबर येतं, मग लगेच खालचं ३८ आणि २७ कसं चुकतं? दोन्ही हातच्याचीच आहेत ना? लक्ष कुठे असतं तुझं? वेंधळी कुठली!"

"मी लक्ष देऊनच केलंय," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. खालचा ओठ बाहेर आला आणि ती आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारी शब्दकोडं सोडवत होते. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली निम्म्याहून जास्त कॉम्प्युटर यायच्या आधीची. ते मान वर न करता म्हणाले, "वही दे इकडे."

तर मंडळी, ती दहा गणितं तिच्या उत्तरांसकट इथे देतो. पुढे वाचायच्या आधी स्वतः एकदा बघा.

३४ + ५२ = ८६ (बरोबर)
४५ + २६ = ७१ (बरोबर)
३८ + २७ = १०१ (चूक)
२५ + १८ = ६१ (चूक)
६८ + २३ = ९१ (बरोबर)
५६ + २९ = १२१ (चूक)
२१४ + ३६५ = ५७९ (बरोबर)
३२७ + १४५ = ४८१ (चूक)
२५९ + १३२ = ३९१ (बरोबर)
४६ + ३४ = ७१ (चूक)

"कितीनं चुकलंय?" अण्णांनी विचारलं.

"कितीनं म्हणजे? उत्तर ६५ यायला हवं, हिनं १०१ लिहिलंय. तीस आणि तीस मिळून साठ, त्यात थोडं. शंभराच्या वर जाईलच कसं? एवढंही कळू नये?"

"ते मी विचारलं नाही. फरक किती?"

"छत्तीस."

"पुढचा?"

६१ आणि ४३, फरक अठरा. १२१ आणि ८५, परत छत्तीस. ४८१ आणि ४७२, नऊ. शेवटचं ७१ आणि ८०, उलटीकडून नऊ. अण्णांनी शब्दकोड्याच्या समासात पाचही आकडे पेन्सिलीनं एकाखाली एक मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला. हा चष्मा कपाळावर गेला की समजायचं, काहीतरी सापडलंय.

"सगळे नऊनं जातात," ते म्हणाले. "आकडे उलटे पडतायत कुठेतरी."

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा नऊचा प्रकार मलाही त्या दिवशीच नीट कळला. बँकेत जेव्हा सगळं हातानं चालायचं तेव्हा लेजरची बेरीज टॅली होईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. क्लोजिंगच्या रात्री अण्णा बारा-एकला यायचे हे मला अंधूक आठवतं. तर फरक आला की लगेच सगळी पानं परत तपासायला बसायचं नाही. आधी फरकाचं तोंड बघायचं. बरोब्बर दहाचा, शंभराचा, हजाराचा फरक असेल तर बेरजेत हातचा राहिलाय किंवा जास्त धरलाय. फरकाला दोननं भागून जी रक्कम येते ती त्या दिवसाच्या व्यवहारात कुठे दिसली, तर नावेची रक्कम जमेला गेली असेल. आणि फरक नऊनं भागला गेला, तर कोणीतरी ७२ चे २७ लिहिलेत. आपल्याकडे तर हे हमखास. एक जण व्हाउचर वाचतोय आणि दुसरा लिहितोय. वाचणारा "सत्तावीस" म्हणतो, ऐकणाऱ्याच्या कानावर आधी सात पडतात आणि हात तिकडे जातो.

(२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? मंगला नारळीकरांनी परोपरीनं समजावून सांगितलं होतं की लहान मुलांचा जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा गोंधळ कमी व्हावा म्हणून हे आहे. त्या वेळी व्हॉट्सॲपवर विनोद पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो. अण्णा मात्र तेव्हाही म्हणाले होते, "आमच्या बँकेत हे आधी आलं असतं तर मी रोज तासभर लवकर घरी आलो असतो.")

नऊच का, तर सोपं आहे. एक अंक एककाच्या घरातून दशकाच्या घरात गेला की त्याची किंमत एकपटीची दहापट होते, म्हणजे नऊपट वाढते. दुसरा अंक उलट दिशेला जातो, त्याची नऊपट घटते. म्हणून दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला. अर्थात फरक नऊनं भागला गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं सिद्ध होत नाही. कुठलीही वेडीवाकडी चूक नवातून एकदा नऊनं भागली जाणारच. पण सलग पाच वेळा? ढोबळमानानं ५९,०४९ मध्ये एकदा. एवढ्या योगायोगावर मी ऑफिसात बग बंद करत नाही.

पण अदलाबदल कुठे? वरचे आकडे तर वहीत छापील होते, तिनं लिहिलेले नव्हतेच. इथे अण्णा अडकले आणि मला माझी संधी मिळाली. मी ते पान लॉग फाइल वाचावी तसं वाचायला लागलो. नुसती उत्तरं, वरून खाली. ८६, ७१, १०१, ६१, ९१, १२१, ५७९, ४८१, ३९१, ७१.

८६ आणि ५७९ सोडले तर बाकी सगळी उत्तरं एकवर संपतायत! चुकलेलीही आणि बरोबर आलेलीही. आणि हातचा नसलेली गणितं ती दोनच.

मग उलगडायला अर्धा मिनिटही लागला नाही. ३८ आणि २७. आठ आणि सात पंधरा. पंधरातला एक खाली लिहिला आणि पाच हातचे घेतले. तीन आणि दोन पाच, हातचे पाच, दहा. उत्तर १०१. आकडे उलटे पडत होते ते वहीत नव्हे, डोक्यात. पंधराचे पाच आणि एक एकमेकांच्या घरात जात होते. ४६ आणि ३४ मध्ये दहा आले: एक खाली, शून्य हातचा. उत्तर ७१. आणि ४५ आणि २६ बरोबर का? कारण पाच आणि सहा अकरा. एक खाली, एक हातचा. कुठला एक कुठे गेला हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

म्हणजे लेकीनं दहाच्या दहा गणितं एकाच नियमानं, कुठेही न चुकता सोडवली होती. हातचा काय, उजवीकडून डावीकडे जाणं काय, सगळं व्यवस्थित. जिथे एककात अकरा आले तिथे तो नियम योगायोगानं खरा ठरला, म्हणून बाईंना वाटलं "येतं, पण..." आणि मला वाटलं, वेंधळी.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी एक टेस्ट केस तयार केली. २९ + ३७. तिच्या नियमानं नऊ आणि सात सोळा, एक खाली, सहा हातचे, दोन आणि तीन पाच आणि सहा अकरा. म्हणजे ती १११ लिहील. मी एका चिठ्ठीवर १११ लिहून घडी केली, अण्णांच्या खिशात ठेवली आणि लेकीला बोलावलं. ती आली, पण माझ्याकडे न बघता. पेन्सिल घेतली, बोटं मोजली, लिहिलं.

१११.

मी आयुष्यात पुष्कळ बग रिप्रोड्यूस केलेत. एवढा आनंद आणि एवढी चोरटेपणाची भावना एकाच वेळी कधी झाली नव्हती.

"छान," मी म्हणालो. "आता मला सांग, सोळा आल्यावर तू काय केलंस?"

"एक लिहिला आणि सहा हातचे."

"एक का लिहिलास?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की वेंधळा कोण ते स्पष्ट व्हावं. "सोळा लिहिताना आधी एकच लिहितात ना? मग सहा उरतात. ते हातचे." आणि मग, थोडं थांबून, "तूच शिकवलंस ना बाबा. एक खाली, एक हातचा."

आता हे प्रकरण कुठे गेलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. महिन्याभरापूर्वी ती सर्दीनं घरी होती आणि वर्गात हातच्याची बेरीज सुरू झाली होती. मी दोन मीटिंगांच्या मधल्या वीस मिनिटांत, हेडफोन गळ्यात तसाच ठेवून तिला ती शिकवली होती. गणित अजून आठवतं, कारण रफ वहीत माझ्याच अक्षरात आहे. २५ + ३६. पाच आणि सहा अकरा, एक खाली, एक हातचा. दोन आणि तीन पाच आणि एक सहा. एकसष्ट. "कळलं?" "कळलं." आणि मी पुढच्या मीटिंगला.

तिला जे कळलं ते त्या उदाहरणात पूर्णपणे बसत होतं. अकरातले दोन एक सारखेच दिसतात; त्यातला कुठला दशक आणि कुठला एकक हे उदाहरणावरून ठरवायला काही जागाच नव्हती. तिला एक निवडायचा होता, तिनं निवडला. आपण आकडे डावीकडून लिहितो, म्हणून डावीकडचा आधी.

सगळ्यात जास्त लाज याची वाटली की हीच चूक मी पूर्वी पगार घेऊन केलेली आहे. २००७ साली, नोकरीला नवीन असताना, एका अमेरिकन क्लायंटकडून येणाऱ्या फाइलमधली तारीख वाचणारा कोड मी लिहिला. तिकडे महिना आधी, आपल्याकडे दिवस आधी. मी टेस्ट केली ती तारीख होती ०४/०४. सगळं हिरवंगार. पुढचे दिवस तो कोड मुकाट्यानं पाच एप्रिलला चार मे समजत राहिला. तेराव्या दिवशी, तेरावा महिना नसतो हे कळल्यावर, तो कोसळला. तेव्हा माझ्या लीडनं मला जे ऐकवलं होतं ते इथे छापण्यासारखं नाही, पण सार असं की चारची परीक्षा चारनं घेऊ नकोस रे बाबा. ते मी कोडमध्ये कायमचं शिकलो. पोरीला शिकवताना पाच आणि सहाच सापडले.

दुपारी जेवण झाल्यावर झोप येईना म्हणून शोधायला बसलो. (लॅपटॉप शेवटी उघडलाच.) तर या विषयावर आमच्या धंद्यातल्या लोकांनी फार पूर्वीच काम करून ठेवलंय. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली "कॉग्निटिव्ह सायन्स" या नियतकालिकात एक मोठा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, मुलं बेरीज-वजाबाकीत चुकतात तेव्हा बरेचदा ती एखाद्या बिघडलेल्या पद्धतीचं बिनचूक पालन करत असतात. त्यांनी चक्क "बग" हाच शब्द वापरला आणि "बगी" नावाचा एक प्रोग्रॅम केला. त्यात कॉम्प्युटर एका चुकणाऱ्या मुलाचं सोंग घेतो. शिक्षक त्याला गणितं घालतात, उत्तरं बघतात आणि बग ओळखायचा प्रयत्न करतात. ओळखला असं वाटलं की कॉम्प्युटर म्हणतो, बरं, मग आता ही गणितं त्या मुलासारखी सोडवून दाखवा. म्हणजे माझी खिशातली चिठ्ठीच! शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना हा खेळ दिला गेला. पुढे वजाबाकीचे असे शंभरावर बग नोंदवले गेले आणि कर्ट व्हॅनलेन यांनी १९९० साली त्यावर "माइंड बग्ज" नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला मला पटलेला विचार असा की मुलाला पद्धतीतली एक पायरी आठवेनाशी झाली की ते थांबत नाही. जागेवरच काहीतरी ठिगळ लावतं आणि पुढे जातं. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडल्यावर आपण तरी दुसरं काय करतो?

बेरजेतले बग वजाबाकीइतके नसतात, पण एकदा माहीत झाले की वहीत भराभर दिसायला लागतात. हातचा सोडून देणारे तर असतातच, फरक दहा किंवा शंभरचा. ३८ आणि २७ चे ५१५ लिहिणारे: पंधरा अख्खे खाली, त्याच्या डावीकडे पाच. आकडे डावीकडून जुळवून मांडणारे, म्हणजे १२५ खाली ४३ लिहिताना चार एकाखाली. शून्यात काहीही मिळवलं तरी शून्यच म्हणणारे (गुणाकार नुकताच शिकलेले असतात बिचारे). पण त्या लेखातला मला सगळ्यात आवडलेला एक मुलगा आहे. तो हातचा विसरत नाही. त्याचा हातचा संपतच नाही. २८६ आणि ३५७ घ्या. तेराचे तीन, हातचा एक. आठ, पाच आणि एक चौदा, चार खाली. आता परत हातचा एक, पण त्याच्याकडे आधीचाही आहेच, म्हणून दोन. दोन, तीन आणि दोन सात. उत्तर ७४३, खरं ६४३. लेखकांनी एक शक्यता सुचवलीय, की हा मुलगा हातचे बोटांवर धरत असावा आणि वापरून झाल्यावर बोट मिटायला विसरत असावा.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं तर ते खूश होऊन म्हणाले, "म्हणून तर हातचा म्हणतात!" इंग्रजीत ती रक्कम नुसती वाहून नेतात. आपल्याकडे ती हातात धरतात. लेकीच्या हातात फक्त चुकीची वस्तू होती.

दुरुस्तीचं काम अण्णांनी घेतलं. मला त्यातून वगळण्यात आलं, ते योग्यच. त्यांनी देवघरातल्या काडेपेटीतल्या काड्या काढल्या, रबरबँड घेतले आणि आठ आणि सात काड्या मांडायला लावल्या. दहांची जुडी बांध. जुडी झाली की ती दशकवाल्यांच्या घरी जाते, सुट्या पाच इथेच राहतात. "मग हातात काय राहिलं?" "जुडी." "किती जुड्या?" "एक." तीन-चार गणितांत तिला ते दिसलं. अकराचं गणित त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं आणि विचारलं, यातला कुठला एक काडी आणि कुठला एक जुडी? तिनं डोळे बारीक करून विचार केला आणि बरोबर बोट ठेवलं.

पण जुना बग एका दिवसात जात नाही हे आपल्याला माहीतच आहे. रात्री झोपताना सहज विचारलं, १९ आणि ९? "एक्याण्णव," ती झोपेत म्हणाली. मग अंधारात थोडा वेळ शांतता. "नाही नाही. थांब. अठ्ठावीस."

त्याआधी संध्याकाळी मी तिला सॉरी म्हटलं. फार मोठा समारंभ झाला नाही. ती चित्र रंगवत होती. मी म्हटलं, "तू लक्ष देऊनच केली होतीस गणितं. शिकवताना माझंच लक्ष नव्हतं." तिनं हत्तीचा कान पूर्ण केला. मग विचारलं, "म्हणजे बाईंनी लिहिलंय ते चूक आहे?" मी म्हटलं, हो. "मग त्यांना फुली मार ना."

फुली मारायचं धाडस काही झालं नाही. शेऱ्याखाली सही केली आणि वहीला एक चिठ्ठी जोडली: नियम काय होता, तो कुणी शिकवला, आणि ११ चं उदाहरण का फसवं आहे. लिहिताना जरा धाकधूक होती, कारण बाईंसमोर चाळीसच्या वर मुलं असतात आणि "घरी लक्ष द्यावे" हे त्यांनी लिहिलं होतं ते एका अर्थी खरंच होतं. मंगळवारी वही परत आली. शेऱ्यातल्या "निष्काळजीपणा फार" या शब्दांवर त्यांनी स्वतःच्याच लाल पेनानं रेघ मारली होती, आणि बाजूला लिहिलं होतं: "धन्यवाद. वर्गात आणखी दोन वह्यांत हेच सापडलं." ते पान लेकीनं आजीला फोनवर वाचून दाखवलं, मग शेजारच्या काकूंना, मग दूध द्यायला आलेल्या काकांना.

आता घरात नवीन खेळ सुरू झालाय. ती मनाशी एक चुकीचा नियम ठरवते, त्यानं गणितं सोडवते आणि आम्ही तो ओळखायचा. काल रात्रीचं हे तिचं पान. फरक इथेही नऊनंच जातात, पण मला चौथ्या गणितापाशी कळलं. तुम्ही बघा.

२६ + ३१ = ५७
८३ + ४५ = २९
६४ + ७३ = ३८
३८ + २७ = ५१५